मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी पुढच्या दहा वर्षांची अवजारं मोजा

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून ते इथे नीट मांडलेत. शोरूममध्ये जायच्या आधी पान फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, शेवटची यादी तिथे कामाला येईल.

[००:००] प्रश्न काय आहे?

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "घरी सहा एकर आहे, त्यात चार एकर द्राक्षं. मी पुण्यात नोकरीला. वडील म्हणतात यंदा मिनी ट्रॅक्टर घेऊन टाकू. कुठला घेऊ?"

आज मी मॉडेलचं नाव सांगणार नाही. त्याचं कारण असं, की मिनी ट्रॅक्टर ज्या कामासाठी घेतला जातो ते काम बहुतेक सगळेच ट्रॅक्टर करतात. गाडी अडते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आज ब्लोअर हवाय म्हणून ट्रॅक्टर घेतला. दोन वर्षांनी रोटाव्हेटर हवासा वाटतो. मग ट्रॉली. मग बोदावरचं तण काढायचं यंत्र. आणि तेव्हा कळतं, की पिन बसत नाही, लिफ्ट उचलत नाही किंवा हायड्रॉलिकचा पाइप जोडायला जागाच नाही. तोवर कर्जाचे हप्ते निम्मेसुद्धा फिटलेले नसतात.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे दोन सिस्टिम जोडायच्या असतील तर पहिला प्रश्न असतो, जोडणी कुठे होणार आणि दोन्ही बाजूंना ती कळते का? ट्रॅक्टरलाही हाच प्रश्न विचारायचा. ट्रॅक्टर आणि अवजार एकमेकांना चार ठिकाणी भेटतात: थ्री पॉइंट लिंकेज, लिफ्ट, पीटीओ आणि हायड्रॉलिकचे बाहेरचे पॉइंट. या चार जागा समजल्या की ब्रोशर वाचता येतं.

[०२:००] पहिली जागा: तीन पॉइंट आणि पिनांची जाडी

ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन हात आणि वर एक टॉप लिंक. ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने विकसित केली आणि १९३९ साली आलेल्या फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरमुळे ती सगळीकडे पोचली. त्याआधी अवजार नुसतं मागे ओढलं जायचं. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो चालकाच्या अंगावर उलटायचा. तीन पॉइंटमुळे अवजाराचा ताण ट्रॅक्टरला खाली दाबायला लागला. म्हणजे ही सोय मुळात जीव वाचवणारी आहे.

या जोडणीचे आकार ठरलेले आहेत, त्यांना कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या हाताची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची १९ मिलिमीटर. कॅटेगरी २ मध्ये खालची पिन साधारण २८ आणि वरची २५ मिलिमीटरच्या थोडी पुढे. दोन खालच्या पॉइंटमधलं अंतरही वेगळं: कॅटेगरी १ ला ६८३ मिलिमीटर, कॅटेगरी २ ला ८२५. अरुंद ट्रॅक्टरसाठी '१ एन' असा एक अरुंद प्रकार आहे, त्यात हे अंतर ४०० मिलिमीटरवर येतं.

आता हे पाठ करायची गरज नाही. इतकंच लक्षात ठेवा: अवजाराची पिन बारीक आणि ट्रॅक्टरचं भोक मोठं असेल तर बुश घालून भागतं. उलटं असेल तर भागत नाही. चुलत्यांचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्यांचा रोटाव्हेटर आपण अधूनमधून आणू, असा हिशेब असेल तर आधी त्याच्या पिना मोजा. जाड पिना असलेलं अवजार छोट्या ट्रॅक्टरला बसत नाही यात एक इशाराही आहे, की ते या ट्रॅक्टरच्या वजनाचं आणि ताकदीचं नाही. पिन तासून किंवा वेल्डिंग करून ते जोडू नका.

[०४:१५] दुसरी जागा: लिफ्ट किती उचलते, आणि कुठे उचलते?

ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं, 'लिफ्ट क्षमता ७५० किलो'. आपल्याला वाटतं, ४०० लिटरचा ब्लोअर म्हणजे ४०० किलो पाणी, वर लोखंड, पंखा, पंप. झालं, बसतंय की!

पण ७५० किलो कुठे मोजले? बहुतेक वेळा खालच्या हातांच्या टोकाला, म्हणजे पिनेपाशी. ब्लोअरचं वजन पिनेपाशी नसतं, ते मागे लांब असतं. पाण्याची घागर छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, तसंच. म्हणूनच सरकारी चाचणीत लिफ्ट दोनदा मोजतात: एकदा पिनेपाशी आणि एकदा पिनेच्या मागे ६१० मिलिमीटरवर. दुसरा आकडा कमी असतो आणि ब्लोअरवाल्यांच्या कामाचा तोच.

समजा लिफ्टने वजन उचललं, तरी पुढचा प्रश्न राहतो. पुढची चाकं जमिनीवर टेकलेली राहतात का? एक छोटं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या ट्रॅक्टरचे टाकून पुन्हा करा.

ट्रॅक्टरचं वजन १००० किलो, त्यातलं ४०० पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. भरलेला ब्लोअर ५८० किलो, म्हणजे ४०० पाणी आणि १८० यंत्र. त्याच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलपासून ९० सेंटिमीटर मागे. ब्लोअर पुढच्या चाकांवरून किती वजन काढून घेतो? ५८० गुणिले ९०, भागिले १५०, म्हणजे ३४८ किलो. पुढे उरले फक्त ५२.

५२ किलोवर स्टिअरिंग फिरवाल, पण ट्रॅक्टर वळणार नाही. ओल्या बागेत, वळणावर, बांध चढताना तोंड वर जाईल. रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या एक्सलवर राहिलं पाहिजे, असा सुरक्षेचा रूढ नियम आहे. इथे ते २०० किलो होतात. पुढच्या एक्सलच्या ५० सेंटिमीटर पुढे वजनं लावली, तर साधारण ११० किलो लावावी लागतील.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. आता सगळं मिळून १६९० किलो झाले आणि त्यातले जवळजवळ १४९० मागच्या दोन टायरांवर आहेत. टायरच्या बाजूला भार-क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, तो दोनने गुणून बघा. म्हणून ब्लोअर घेताना तीन गोष्टी विचारायच्या: मागे लांब धरलेलं वजन उचलतो का, पुढे वजनं लावायला कंपनीचा ब्रॅकेट आहे का, आणि मागचा टायर तेवढा भार पेलतो का.

६०० लिटर किंवा त्याहून मोठी टाकी डोक्यात असेल, तर चाकांवर ओढायचा ब्लोअर बघा. तो लिफ्टवर भार टाकत नाही. पण त्याला ओळीच्या शेवटी वळायला जास्त जागा लागते आणि उतारावर भरलेली टाकी ट्रॅक्टरला मागून ढकलते. तेव्हा ब्रेक आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन महत्त्वाचं.

[०७:३०] तिसरी जागा: पीटीओ

इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट म्हणजे पीटीओ. आपल्याकडे नेहमी लागणारा शाफ्ट ३५ मिलिमीटर जाडीचा, सहा खाचांचा आणि मिनिटाला ५४० फेरे फिरणारा. रोटाव्हेटर, ब्लोअर, मळणी यंत्र, बहुतेक अवजारं याच ५४० वर बेतलेली असतात.

मिनी ट्रॅक्टरमध्ये इथे गंमत आहे. काहींना ५४० सोबत ७५० किंवा ९८० असा दुसरा वेगही मिळतो. विकणारा म्हणतो, 'जास्त वेग, जास्त काम.' पण ५४० साठी बनवलेलं अवजार ९८० वर चालवलं, तर वेग १.८ पट होतो आणि पंख्याच्या पात्यांना बाहेर ओढणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे तिप्पट-सव्वातीन पट. पातं तुटून उडू शकतं. म्हणून दुसरा वेग असणं चांगलं, पण ५४० असलाच पाहिजे आणि तो इंजिनच्या किती फेऱ्यांवर मिळतो हेही विचारा. '५४० ई' असेल तर तोच वेग इंजिन हळू फिरवून मिळतो. फवारणीसारख्या हलक्या कामात त्याने डिझेल वाचतं. रोटाव्हेटरला पूर्ण ताकद लागते, तिथे साधा ५४० च.

दुसरा मुद्दा एचपीचा. बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो. अवजाराला मिळतो पीटीओ एचपी, ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के कमी. २४ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे अवजारासाठी २०-२१ च्या आसपास. तेवढ्यात साधारण तीन ते साडेतीन फुटी रोटाव्हेटर चालेल, माती किती भारी आहे त्यावर. आणि रोटाव्हेटरची रुंदी निदान मागच्या टायरच्या बाहेरच्या मापाइतकी हवी. नाहीतर टायरने दाबलेला पट्टा तसाच राहतो. म्हणजे ट्रॅक्टर रुंद आणि एचपी कमी, हे जोडपं रोटाव्हेटरच्या दृष्टीने वाईट.

तिसरा मुद्दा क्लचचा. साध्या एका क्लचमध्ये गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओही थांबतो. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल, तर ट्रॅक्टर थांबला तरी पंखा फिरत राहतो. आज फक्त कल्टिव्हेटर चालवणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. उद्या ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडणाऱ्याला रोज जाणवेल. नंतर बसवता न येणाऱ्या गोष्टींमध्ये ही पहिली.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात नसते. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, साडीचा पदर शाफ्टमध्ये गेला, तर 'अरे' म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवू नका, तुटलं तर नवं घ्या. पीटीओ बंद केल्याशिवाय कुणीही मागे जायचं नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगा, नुसतं चालवणाऱ्याला नाही.

[१०:१५] चौथी जागा: हायड्रॉलिकचे बाहेरचे पॉइंट

लिफ्टचे हात वर-खाली करणं हे ट्रॅक्टरचं आतलं हायड्रॉलिक. पण पलटी नांगर पलटायचा, डंपिंग ट्रॉली उचलायची, वेलीच्या बुंध्यापाशी आत-बाहेर होणारं तण काढायचं यंत्र चालवायचं, तर तेल बाहेर न्यावं लागतं. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि मागे पाइप जोडायचे पॉइंट लागतात.

सिंगल ॲक्टिंग व्हॉल्व्ह तेल एका बाजूने ढकलतो, परत येणं वजनावर सोडतो. ट्रॉलीला हे पुरतं. डबल ॲक्टिंग दोन्ही बाजूंनी ढकलतो, पलटी नांगराला आणि बुंध्यापाशी चालणाऱ्या यंत्राला तोच लागतो. मिनी ट्रॅक्टरमध्ये हा कित्येकदा जादा पैशांचा पर्याय असतो. खरेदीच्या वेळी कंपनीकडून बसवून घ्या. नंतर बाहेरून बसवला तर गळती आणि वॉरंटी, दोन्हींची डोकेदुखी.

पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो तेही विचारा. अवजाराला लागणारा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. पंप कमी पडला तर अवजार चालतं, पण आळसावलेलं. बुंध्यापाशी फिरणारं यंत्र वेळेत मागे सरकलं नाही तर वेल कापली जाते.

[११:४५] जोडणीच्या पलीकडे: रुंदी, वेग, चाकं

द्राक्षात नऊ किंवा दहा फुटी ओळ असली तरी ट्रॅक्टरला तेवढी जागा मिळत नाही. बोद, ड्रिपची नळी, वायच्या लोंबणाऱ्या फांद्या हे सगळं वजा करा. टेप घेऊन बागेतली सगळ्यात अरुंद जागा मोजा, आणि तीही काड्या वाढलेल्या असताना. अवजाराची रुंदी ट्रॅक्टरपेक्षा जास्त असेल तर तीच धरायची. स्टिअरिंग आणि सायलेन्सरची उंचीही मोजा.

वेगाचं असं, की फवारणी साधारण ताशी चार-पाच किलोमीटरने होते. पीटीओ ५४० वर ठेवून कुठल्या गिअरमध्ये किती वेग येतो ते विचारा. मधला गिअरच नसेल तर एक फार हळू, दुसरा फार जोरात असं होतं. वेग दुप्पट झाला की झाडावर पडणारं औषध निम्मं.

फोर व्हील ड्राइव्ह हवा का? गोडी छाटणीनंतर, फुलोऱ्यात पाऊस लागला, की डाऊनीसाठी वाफसा यायची वाट बघता येत नाही. चिखलातच आत जावं लागतं. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर रुतला तर वर्षाचा घड जातो. द्राक्षवाल्यांनी फोर व्हीलचे पैसे तिथे मोजावेत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवर डाळिंब किंवा भाजीपाला असेल तर टू व्हीलवर भागू शकतं. एक लक्षात ठेवा, फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरचं प्रमाण ठरलेलं असतं. मनाने वेगळ्या मापाचे टायर टाकले तर गिअरवर ताण येतो.

[१३:१५] विकत की भाड्याने?

आता खरं काम. एक कागद घ्या, वडिलांना शेजारी बसवा आणि पुढच्या दहा वर्षांत लागतील ती सगळी अवजारं लिहा. प्रत्येकापुढे लिहायचं: वर्षातून किती दिवस लागणार, आणि वेळ चुकली तर किती नुकसान.

ब्लोअर बरेच दिवस लागतो आणि एक दिवस चुकला तरी महागात पडतं. तो स्वतःचाच हवा. खोल नांगरट वर्षातून एकदा, किंवा दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि आठवडाभर मागेपुढे चालतं. ती ५० एचपीवाल्याकडून भाड्याने करून घ्या. ट्रॉलीचं तुमच्या मार्केटच्या अंतरावर ठरवा.

बऱ्याच घरांत भांडण इथेच होतं. वडील म्हणतात, 'नांगर चालला पाहिजे,' मुलगा म्हणतो, 'बागेत शिरला पाहिजे.' एकच ट्रॅक्टर दोन्ही करेल म्हणून मधलाच घेतला जातो, जो बागेत फांद्या मोडतो आणि नांगराला धापा टाकतो. वडिलांचा मुद्दा चूक नसतो. नांगरट झालीच पाहिजे, फक्त ती आपल्याच ट्रॅक्टरने झाली पाहिजे असं नाही.

'स्वतःचं' या खान्यात आलेल्या अवजारांपैकी सगळ्यात जास्त पीटीओ एचपी मागणारं, सगळ्यात जड आणि सगळ्यात रुंद, अशी तीन शोधा. तुमचा ट्रॅक्टर या तिघांनी ठरवायचा.

[१४:३०] कागदपत्रं आणि पैसे

ब्रोशरवर थांबू नका. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद, दोन्ही ठिकाणची लिफ्ट, पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन असं सगळं असतं. वर केलेल्या गणिताचे आकडे तिथेच मिळतील. डीलरकडे तुमच्या मॉडेलचा अहवाल मागा.

अनुदानासाठी अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी बिल फाडलं तर अनुदान हुकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या कोटेशनवर बोलणी करू नका. वाचलेले पैसे ड्युअल क्लच आणि डबल ॲक्टिंग व्हॉल्व्हवर घाला. रंगीत छत आणि म्युझिक सिस्टिम नंतरही बसते.

[१५:१५] शोरूममध्ये विचारायची यादी

१. पीटीओ एचपी किती? ५४० आहे का, आणि इंजिनच्या किती फेऱ्यांवर?
२. क्लच एकेरी, ड्युअल की स्वतंत्र पीटीओ?
३. लिंकेजची कॅटेगरी १ की १ एन? पिन मोजून बघा.
४. लिफ्ट पिनेपाशी किती आणि ६१० मिलिमीटर मागे किती?
५. पुढची वजनं कंपनीची मिळतात का? कमाल किती?
६. डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह कंपनीतून बसून येतो का? मिनिटाला किती लिटर तेल?
७. मागच्या टायरची भार-क्षमता किती?
८. कमीत कमी रुंदी किती, आणि चाकं आत-बाहेर करता येतात का?
९. ५४० वर ताशी चार-पाच किलोमीटरचा गिअर आहे का?
१०. आमचं अवजार जोडून आमच्याच बागेत डेमो द्याल का? टाकी पाण्याने भरून.

दहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रिकाम्या टाकीचा डेमो म्हणजे डेमोच नाही. टाकी भरा, ओळीच्या शेवटी वळवा, बांधाचा चढ चढवा आणि पुढच्या चाकांकडे बघत राहा. डीलर टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा, घाई त्याला आहे.

तुमच्या घरची अवजारांची यादी काय झाली, आणि विकत-भाड्याच्या वादात कोण जिंकलं, ते व्हॉइस मेसेजवर कळवा. पुढच्या भागात जुना ट्रॅक्टर घेताना इंजिनआधी काय तपासायचं ते बघू. तोपर्यंत, शाफ्टचं कव्हर जागेवर आहे का, ते आज संध्याकाळीच बघून घ्या.